चौथ्या पानावरची दुरुस्ती

टीव्हीच्या कारखान्यात तिची खोली सगळ्यात आतली. भिंती काळ्या, खिडकी नाही. पडद्यावरचं चित्र डोळ्यांनी तपासायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. दिवसभर अंधारात बसते म्हणून सगळे तिला घुबडताई म्हणत, आणि तीही हसून ओ देई.

नव्या मॉडेलमध्ये पडद्यामागच्या एलईडी दिव्यांचे शहाण्णव चौकोन पाडले होते. चित्राचा जो भाग काळा, त्याच्या मागचा चौकोन आपोआप मंद व्हायचा. त्यामुळे काळा रंग राखाडी न वाटता खरोखर काळाकुट्ट दिसे. साहेब त्या काळ्यावर बेहद्द खूश होते.

पहिल्याच आठवड्यात तिनं एका सिनेमातला रात्रीचा समुद्र लावला. दूरवर होडी, होडीत कंदील. जुन्या टीव्हीवर लख्ख दिसणारा कंदील नव्यावर विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसला. चौकोन जवळजवळ सगळा काळा, म्हणून यंत्रानं मागचे दिवे मंद केले, आणि त्यात कंदिलाचाही उजेड गेला. तिनं अहवाल लिहिला. उत्तर आलं, मापं बरोबर आहेत. दुसरा लिहिला, तेच उत्तर. असे सहा झाले. बैठकीत विषय काढला की साहेब घड्याळाकडे बघत. एकदा म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक कंदील बघायला टीव्ही घेत नाही."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन ती नवऱ्यावरच वैतागली.

मग तिनं स्वतःच एक चित्रफीत केली. काळा पडदा, त्यावर सावकाश सरकणारा एक पांढरा ठिपका. मापं घेणाऱ्या मैत्रिणीला तिनं सांगितलं, अख्ख्या पडद्याचं माप नको, नुसत्या ठिपक्याचं घे. ठिपक्याचा उजेड हवा त्याच्या निम्माही भरला नाही. शिवाय एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना तो लुकलुकत होता. आता साहेबांना ते काम इंजिनिअरकडे द्यावंच लागलं.

इंजिनिअरनं तीन दिवसांत दुरुस्ती केली. चौकोनाच्या सरासरी उजेडाबरोबर त्यातला सर्वांत उजळ बिंदूही मोजायचा, आणि दिव्यांचा उजेड एकदम न बदलता हळूहळू बदलायचा. कंदील उजळला. त्याच्याभोवती बारीकसं धूसर वलय आलं, पण ते खपण्यासारखं होतं.

साहेबांना नेमकं ते वलय खुपलं. दुकानात दुसऱ्यांच्या टीव्हीशेजारी आपला काळा फिका पडेल, म्हणाले. दुरुस्ती राहिली, पण बंद करून. मेनूच्या चौथ्या पानावर, 'समतोल छटा' अशा नावाखाली. ती कुणाच्या बापाला सापडणार नव्हती.

दोन महिन्यांनी धाकट्या दिरानं तोच टीव्ही घेतला आणि हौसेनं दोघांना जेवायला बोलावलं. पडद्यावर आकाशगंगेचा माहितीपट चालू होता, आणि निम्मे तारे गायब. तिनं रिमोट मागून घेतला, चौथं पान काढलं, दुरुस्ती चालू केली. तारे दिसायला लागले.

"वहिनी, काय केलंत हे?" दीर म्हणाला. "आधी कसलं काळंभोर दिसत होतं."

तिनं त्याला सगळं समजावलं. त्यानंही मान डोलावली. ती जावेला मदत करायला स्वयंपाकघरात गेली, आणि ताटं घेऊन बाहेर आली तोवर तारे पुन्हा गेले होते.

तिला जेवण गोड लागलं नाही. परतताना नवरा म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? टीव्हीच तर आहे."

ती झपझप पुढे चालू लागली.