न वाचलेली ओळ

कीबोर्ड आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना वाद्यांच्या ऑनलाइन फोरमवर सगळे ‘ताई’ म्हणायचे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या. उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं, त्यामुळे फटकळपणा खपून जायचा.

एका दुपारी एका निवृत्त मास्तरांनी लांबलचक प्रश्न टाकला. कीबोर्ड चालू केला की स्क्रीन अडकते, सूर निघत नाही. त्याखाली ‘कासव’ या टोपणनावाच्या सभासदाने विचारलं, “मॉडेल कुठलं? आत काही साठवलेलं आहे का?”

“कासवभाऊ, एवढी चौकशी सोयरीक जुळवताना करा,” ताईंनी लिहिलं. “सर, हे दुखणं मला तोंडपाठ आहे. शेवटच्या दोन पट्ट्या दाबून धरा आणि कीबोर्ड चालू करा. नव्यासारखा होईल.”

बरेच जण हसले. कासव गप्प बसला.

संध्याकाळी मास्तरांनी लिहिलं, “ताई, झाला चालू! उपकार झाले. फक्त हिने वाजवून ठेवलेल्या चाली दिसत नाहीत. त्या कुठे शोधायच्या?”

ताईंनी मूळ प्रश्न पुन्हा उघडला. सुरुवातीचं वाचूनच त्यांनी उत्तर ठोकलं होतं. अगदी तळाशी मास्तरांनी लिहिलं होतं, ‘बायको गेली. तिचं वाजवणं यातच आहे, म्हणून हात लावायला भीती वाटते.’

सारवासारव करता आली असती. ताईंनी नंबर मागून फोन लावला.

“सर, त्या दोन पट्ट्या दाबल्या की आत साठवलेलं सगळं पुसलं जातं. परत नाही मिळणार. मी तुमचा प्रश्न पुरता वाचलाच नाही.”



“कासवांना मी उत्तर लिहायला बसलो होतो,” मास्तर म्हणाले. “तेवढ्यात तुमचं आलं. तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलं होतंत...”

ते रागावले असते तर ताईंना सोसलं असतं.

त्यांनी आपलं उत्तर काढून टाकलं नाही. त्याच्या डोक्यावर लिहिलं, ‘हे करू नका. माझ्या घाईने एका माणसाचं भरून न येणारं नुकसान झालंय.’ कासवाची सगळ्यांदेखत माफी मागितली. त्याने ‘ठीक आहे’ एवढंच लिहिलं.

पुढे एकदा मास्तरांचा फोन आला.

“कीबोर्ड कुणाला हवा असेल तर सांगा. छान वाजतो हो. पण आता ठेवून काय करू?”