सव्वा मूठ गहू

मस्कतला मी एका आजारी म्हातारीची देखभाल करते. तिला भरवायचं, औषधं द्यायची, कूस बदलायची. निघाले तेव्हा लेक तीन वर्षांची होती. तिला चोपड्याजवळच्या गावी सासू-सासऱ्यांपाशी ठेवलं. नवरा केळीच्या ट्रकवर, म्हणजे तोही आज घरी तर उद्या दिल्लीत. फोनवर लेक रोज दिसायची, दोन वाक्यं बोलून पळायची. चार वर्षं मला एकच धास्ती होती: ही मला घरातली धरेल, की फोनमधली बाई?

गेल्या श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सुट्टी मिळाली. दारात पाऊल टाकलं, तर पोरीने ट्रेमधून पाणी आणलं, वाकून नमस्कार केला आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. शेजारणी म्हणाल्या, काय छान वळण लावलंय! मला त्या वळणाचा असा राग आला की पेला मी तसाच खाली ठेवला.

आमच्याकडे कानबाईला रोट करतात. घरातल्या दर माणसामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या आणि त्या घरच्यांनीच संपवायच्या. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही.

सणाच्या आदल्या दिवशी सासूबाई सूप घेऊन बसल्या. सासऱ्यांची मूठ, स्वतःची, नवऱ्याची, नातीची. मस्कतमध्ये दरवर्षी मी हे मनातल्या मनात मोजायचे आणि चारवर थांबायचे. फोनवर विचारायची हिंमत कधी झाली नाही. नाही म्हणाल्या असत्या तर मी तिकडे एकटीने काय केलं असतं?

त्यांनी पाचवी मूठ सुपात टाकली.

मी मूळची तिरसट. म्हटलं, "आले म्हणून लगेच वाढवली का, आई?"

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "येडी शे का वं तू? दरसाल टाकस मी. तू काय पाव्हनी शे का?"

"मग माझा वाटा खायचं कोण?"

"ती शे ना. दुसरा कोनले हात लावू देत नई."

मी पोरीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला नख घासत उभी होती. माझा जीव भांड्यात पडला, पण तिला जवळ घ्यायचा धीर काही झाला नाही.

सणादिवशी पंगतीत ती आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. आपल्या ताटातली एक पोळी उचलून तिने माझ्या ताटात आपटली.

"आते घर ऊनी ना तू? मंग तुन्हा वाटा तूच खाय. दरसाल मन्हं पोट दुखस."

मी रडत रडत अख्खी पोळी खाल्ली, आणि शेवटचा घास जाईपर्यंत ती माझ्या ताटावर लक्ष ठेवून होती.