वहिनी आणि काळी खिडकी

आमची वहिनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. हात असा चालायचा की मशीन दमेल, बाई दमणार नाही. तोंडही तसंच, पण तो विषय नको, ती हे वाचणार आहे.

तर तिचा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, शिलाई बंद. कारखान्यात खांद्याला झेपेल असं काम एकच, मापखात्यात, कॉम्प्युटरवर. त्यासाठी छोटे प्रोग्राम लिहून, चालवून दाखवायची परीक्षा. नापास झाली तर घरी. आणि घरी दिवसभर मी असते, म्हणजे बघा तिला केवढी धास्ती!

बाई पेटली. जेवणाच्या टेबलावर भावाचा जुना लॅपटॉप, त्यात हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी. चित्र नाही, बटण नाही, नुसती उघडझाप करणारी एक रेघ.

"वन्सं, ही मला डोळे मिचकावते बघा."

"मिचकावू दे. माझ्या भावाला कुठे जमलं ते?"

आधी प्रोग्राम लिहायचा. मग एक कमांड देऊन तो मशीनला कळेल असा तयार करायचा, म्हणजे कंपाइल. मग दुसरी कमांड देऊन चालवायचा. कुठे चुकलं की खिडकी इंग्रजीत खेकसायची आणि वहिनी मराठीत. "एक अर्धविराम राहिला तर एवढा थयथयाट? माझ्या सासूनेसुद्धा नव्हता केला!"

"माझी आई होती ती," मी आठवण करून दिली.

"म्हणून तर म्हणतेय!"

परीक्षेला मलाही ओढून नेलं. मी उघड्या दाराशी बाकावर. इतक्या शर्टांना कापड किती, हा प्रोग्राम तिने झटकन चालवून दाखवला. मापखात्याचे साहेब म्हणाले, "आता शिलाईत जाणारं कापडही धरा."

तिने प्रोग्राममधला आकडा बदलला. मग घरच्या सवयीने वरच्या बाणाचं बटण दाबलं; ते दाबलं की शेवटची कमांड आपोआप पुढ्यात येते. एंटर. उत्तर जुनंच! पुन्हा बदललं, पुन्हा बाण. जुनंच. वहिनीचे कान लाल. साहेबांनी पेन उचललं. मला ओरडायचं होतं, पण ओरडू काय? मला टीव्हीसुद्धा धड बंद करता येत नाही.

तेवढ्यात ती स्वतःवरच खेकसली, "अगं बये, कागदावर माप बदललंस, पण कापड कुठे नव्याने कापलंस?"

बाणाने नुसतं चालवलं जात होतं, कंपाइल राहूनच गेलं होतं. तिने ते केलं, मग चालवलं. आकडा वाढला.

साहेबांनी हिशेब ताडून पाहिला. "सोमवारपासून या. खुर्ची कशी हवी?"

"हातांची. खांद्याला आधार हवाय."

बाहेर आली आणि माझ्यावरच डाफरली, "रडताय काय वन्सं? पास झालेय मी!"