सख्ख्या मेहुण्यालाही न सांगितलेला उतारा

आमचे हे पिकांची सरकारी आकडेवारी गोळा करायच्या कामावर. शेतात चौकट आखायची, तेवढ्यातला कापूस वेचून तोलायचा, आणि अशा कितीतरी शेतांवरून जिल्ह्याचा उतारा, म्हणजे एकरी पीक किती आलं, ते काढायचं. जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप. बाई गं, काय तो माणूस! लग्नात पंगतीला किती माणसं होती हे सांगतानाही आधी इकडेतिकडे बघायचा.

बहादरपूरचा माझा धाकटा भाऊ दरवर्षी सिंधीपुऱ्यात आमच्याकडे येऊन खनपटीला बसायचा. "दाजी, मला एकट्याला बता दो ना. उतारा कमी असला तर भाव चढेल. कापूस ठेवू का विकू?"

हे म्हणायचे, "जाहीर झाला की तुला अन् व्यापाऱ्याला एकदमच कळेल."

मी चिडायची. सख्खा मेहुणा, आणि त्याची नुसत्या चहावर बोळवण!

एका वर्षी इतवाऱ्यातल्या सभेत एका मंत्र्याने ठोकून दिलं, यंदा कापूस भरघोस, उतारा वाढला. आकडाही सांगितला. टाळ्या पडल्या. भाऊ सभेतच होता. आता भाव पडणार या धास्तीने त्याने दुसऱ्याच दिवशी सगळा कापूस विकून टाकला.

तो आकडा अजून जाहीरच झाला नव्हता, आणि होता फक्त ओलिताच्या शेतांचा. हे तडक साहेबांकडे गेले. "अर्धं स्टेजवरून सांगून झालंय. उरलेलं अर्धंही आता लोकांपुढे ठेवा." जन्मात आवाज न चढवलेला माणूस, त्या दिवशी म्हणे कचेरी दणाणली! शेवटी सगळं जाहीर झालं. कोरडवाहू कापूस पार झोपला होता, आणि एकूण उतारा घटलाच होता. भाव चढला.

भाऊ तणतणत घरी आला. "दाजी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मग तो माझ्याकडे वळला. "अन् ताई, तुला?"

"नाही रे. आईशप्पथ नाही."

त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग हातपाय धुऊन मी वाढलेल्या ताटावर जेवायला बसला. ह्यांच्याशी बोलायला मात्र त्याला पुढची दिवाळी उजाडली.

तो गेल्यावर मी ह्यांच्यावर उखडले. "अहो, निदान मला तरी सांगायचं होतं!"

"तुला सांगितलं असतं," हे हळूच म्हणाले, "तर आज भावाला काय उत्तर दिलं असतंस?"

मला रडूच फुटलं.