टुटू मारबतीबरोबर गेली

आमच्या घरमालकीण काकू नसत्या, तर माझी लेक चोखणी तोंडात धरूनच बोहल्यावर चढली असती. म्हणून आधी त्यांचं नाव काढते, मग काय झालं ते सांगते. मदतीला त्यांच्या माहेरचा एक बैलही घेतला होता, पण त्याची नियत चांगली नव्हती.

मी साताऱ्याकडची, आठवीतून शाळा सोडलेली. यांना रेल्वेत नोकरी लागली म्हणून बडनेऱ्याला आले, काकूंच्या मागच्या खोलीत. माहेर एवढं लांब, की नुसत्या विचारानंच गाडी लागायची. पहिल्या आठवड्यात काकूंनी दारातून विचारलं, "काय करून राहिली वं?" मी हातातलं पातेलं खाली ठेवून उभीच राहिले. वाटलं, काहीतरी चुकलं. नंतर कळलं, ही इकडची चौकशी.

लेक झाल्यावर मला एकच धसका. पोरगी रडेल, काकूंना त्रास होईल, खोली जाईल. म्हणून तिनं 'अँ' म्हणायचा अवकाश, की मी चोखणी तोंडात दिलीच. त्या चोखणीचं नाव लेकीनं ठेवलं टुटू. अडीच वर्षांची झाली तरी टुटू सुटेना. बोलायचं झालं, तर ती गालात सरकवायची, अगदी काकू तंबाखूची चिमूट सरकवतात तशी, आणि बोलून झालं की परत जागेवर.

तशात मला चौकातल्या मेसमध्ये चपात्या लाटायचं काम मिळालं. माझ्यासारखीला कुणी आपणहून काम द्यावं, हे पहिल्यांदाच. पण लेकीला ठेवायचं कुठं? बालवाडीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "चोखणी घेऊन आली तर घेणार नाही. एकीच्या तोंडातली दहा जणांच्या तोंडात फिरते. बैलपोळा झाला की सोमवारी आणा. रिकाम्या तोंडानं."

हातात दहा दिवस. टुटूला कारल्याचा रस लावला. लेकीनं चाटला आणि अजून मागितला. टुटू कावळ्यानं नेली म्हणून सांगितलं. तर ती दिवसभर अंगणात उभी राहून कावळ्यांना शिव्या देत होती. शेवटी कावळ्यांची दया येऊन मीच परत दिली.

"कायले तोंड पाडून बसली?" काकू म्हणाल्या. "चाल माह्या माहेरी पोळ्याले. पोरीची चुसनी बैलाले देऊन टाकू."

यांची ड्यूटी होती. आम्ही तिघी अकोल्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून ऑटोनं बार्शीटाकळीजवळच्या काकूंच्या गावाला गेलो. आमच्याकडे बेंदूर असतो, तोही आषाढात. इकडचा पोळा श्रावणातल्या अमावस्येला. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून त्याला आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लेकीनं ते एकदा ऐकलं आणि दिसेल त्याला आवतन देत सुटली. कोंबडीला दिलं, ऑटोवाल्याला दिलं, विहिरीवरच्या मोटारीलाही दिलं. ऑटोवाला खरंच जेवायला आला.

पोळ्याला बैल सजून दारात आला. काकूंनी लेकीला उचललं. "दे वं बैलोबाले." लेकीनं पुरणपोळीवर टुटू ठेवली आणि बैलापुढं धरली. बैलाची जीभ आली आणि दोन्ही घेऊन गेली.

मला आधी हायसं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं. दुसऱ्याचं जनावर, सणाचा दिवस, आणि पोटात रबर! मी ओरडणार तोच काकूंच्या भावानं कोपरापर्यंत हात बैलाच्या तोंडात घातला. पण बैल शहाणा. पोळी ठेवून घेतली आणि टुटू मातीत टाकली. लेकीनं ती उचलली, फ्रॉकला पुसली आणि तोंडात घातली.

"चव पायली त्यानं," भाऊ हात पुसत म्हणाले. "गूळ कमी पडला."

मी टुटू हिसकावून उकळत्या पाण्यात टाकली. पोरीनं भोकाड पसरलं. सगळे आपल्याचकडे बघतायत असं वाटून मी ती फुंकून, गार करून, परत तिच्या तोंडात दिली. काकू चुलीपाशी बसून हे सगळं बघत होत्या.

"उद्या मारबत हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

पोळ्याला इकडे दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गावाच्या शिवेवर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, म्हणजे घरातली पीडा त्यांच्याबरोबर जाते. त्या डहाळ्यांनाच मारबत म्हणतात. आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धं गाव ओरडत होतं, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! माशा-मच्छर घेऊन जा गे मारबत!"

काकूंनी मला कोपर मारलं. "वरड."

"मी?"

"मंग काय बैल वरडन?"

"काकू, परकं गाव आहे..."

"गाव परकं हाय, पोरगी तं तुही हाय."

मी ओरडले. तो आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. मग सोमवार आठवला, बालवाडीच्या बाई आठवल्या, मेसमधला पोळपाट आठवला. पोटातून निघालं, "टुटू घेऊन जा गे मारबत!"

एक आजोबा पुढे येऊन काळजीनं म्हणाले, "टुटू म्हंजे कोनता रोग वं?"

"लय वाईट," काकू म्हणाल्या. "साताऱ्याकडून आला."

मग काय, सगळं गावच सुरू झालं. "टुटू घेऊन जा गे मारबत!" आपल्या टुटूला एवढी माणसं हाका मारतायत हे बघून लेक हरखून गेली. तिनं टुटू तोंडातून काढली आणि डहाळ्यांच्या ढिगावर भिरकावून दिली. टाळ्या वाजवल्या. आणि मग तिला थांबवणं कुणाला जमेना. "दुदी घेऊन जा गे मालबत! फणी घेऊन जा! बाबा घेऊन जा!" बाबा बिचारे बडनेऱ्याला ड्यूटीवर, त्यांना पत्ता नाही.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं आणि लेकीचा ओठ बाहेर आला. "टुटू?"

माझा हात आपोआप पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात गेला. तिथं चार टुटू जास्तीच्या असायच्या, वेळेला असाव्यात म्हणून. कप्पा रिकामा.

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "फेकल्या म्या चारी. माय चार चार चुसन्या घेऊन फिरते, मंग पोरगी कायले सोडते?"

मग मी खोलीचं सांगितलं. धसक्याचं सांगितलं. काकू एवढ्या हसल्या, की डबा वळून बघायला लागला. "अवं, मले तं दोन वर्सं वाटे, पोरगी मुकी हाय का काय! देवाले नवस बोलली मी!"

लेक मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत रडली. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. काकू समोरच्या बाईंना सांगत होत्या, "रडू द्या जी. दोन वर्साचं साचलं हाय."

सोमवारी बालवाडीच्या बाईंनी लेकीला 'आ' करायला लावलं. तोंड रिकामं. ती आत गेली, आणि फाटकाशी रडू आलं ते मला.

"आता तुले देऊ का टुटू?" बरोबर आलेल्या काकू म्हणाल्या आणि कमरेची पुडी सोडून तंबाखूची चिमूट गालात सरकवली. तेवढ्यात खिडकीतून लेक ओरडली, "आजीची टुटू!"

काकूंनी पुडी पदराखाली लपवली. "टुटू नोय माय हे. औषद हाय दातायचं." आणि मागं न बघता घराकडे निघाल्या.

मी मेसमध्ये अजून आहे. लेक बालवाडीत गाणी म्हणते. काकूंचे उपकार फेडायचे, तर मला एकच रस्ता दिसतो. कुठल्या ना कुठल्या पोळ्याला, त्याच शिवेवर, त्यांची पुडी पळसाच्या डहाळ्यांवर पडेल. काकूंनी फक्त हात सैल सोडायचा. ओरडायचं काम माझं. आवाज आता मोकळा झालाय.