पांढऱ्या दोऱ्याची कुंडी

रत्नप्रभाकाकींच्या डोळ्यांत चंद्रप्रकाश पहिल्यांदा खुपला तो घाटकोपरच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर. तिसऱ्या मजल्यावरचा हा नवा भाडेकरू रविवारी सकाळी उकिडवा बसून लोकांच्या कुंड्यांत काळपट दाणे पुरत होता. मग झाडांना दोरे बांधले. कुठे लाल, कुठे पांढरा.

काकी मूळच्या देवगडच्या. झाडाला दोरा नि मातीत दाणे, याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. त्यांच्या अनंताला पांढरा दोरा होता. यजमानांनी जायच्या आदल्या वर्षी गोराईहून आणलेलं झाड. यंदा कळी नाही, आणि कोवळी पानं पिवळी. नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या.

"करणी करतो मेला," त्या शेजारच्या मृणालिनीला म्हणाल्या.

"काहीतरीच काय काकी! मरोळला खताच्या कारखान्यात आहे तो. लिफ्टपाशी त्याच्या खताच्या प्रयोगाची नोटीस नाही वाचली?"

"मी लिफ्टनं जाते होय गं?"

काकी पाळतीवर राहिल्या. महिन्याभरात लाल दोऱ्यांची झाडं टवटवीत झाली, अनंत मात्र आणखीच फिकटला. मग एका रविवारी त्यांनी चंद्रप्रकाशचं मनगटच धरलं.

"काय घातलंस रे माझ्या झाडात?"

"काहीच नाही, काकी."

"खोटं बोलू नको!"

"खरंच नाही. पांढरा दोरा म्हणजे काही न घातलेलं झाड. फरक कळायला नको?" तो हळू बोलत होता. "आपल्या बोअरच्या पाण्यानं मातीतलं लोह झाडाला मिळत नाही. साधं लोहाचं खत, हिराकस, घातलं तर आठ दिवसांत वाया. या दाण्यांवर लेप आहे, लोह तीन महिने थोडं थोडं सुटतं."

"म्हणजे माझंच झाड उपाशी ठेवलंस?"

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझ्या मोगऱ्यालापण पांढराच आला."

काकींनी जाऊन मोगरा पाहिला. पिवळाजर्द.

"यांनी आणलंय रे ते झाड," त्या म्हणाल्या.

चंद्रप्रकाशने प्रयोगाच्या वहीतल्या अनंताच्या नावावर काट मारली आणि चार दाणे काढले. काकींनी एक हुंगून पाहिला, मगच पुरू दिला, आणि तो जाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

अनंताला आता हिरवा कोंब आहे. चंद्रप्रकाश अजून दर रविवारी गच्चीवर पानं मोजतो. त्याचा मोगरा पिवळाच आहे.