तलवारीपुढे बोलायचं नाही

दुकानाचं एक आहे, माल विकला जातो आणि किस्से पडून राहतात. क्युपर्टिनोत डोनटवाल्याच्या शेजारी माझं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. घड्याळं गेली, फुलदाण्या गेल्या, पण शनिवारी सकाळी मागच्या खोलीत भरणाऱ्या आमच्या तलवार-मंडळाचे किस्से माझ्याकडेच उरले. गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तुम्हाला देतो.

मंडळ तीन माणसांचं. नाशिकच्या भांडीबाजारात वाढलेला मी, सॉफ्टवेअरवाले पुण्याचे गोडबोले, आणि रिटायर्ड डेंटिस्ट डॉक्टर हिराता. जपानी तलवारीत हिरातांचा शब्द शेवटचा. पात्याचा जो भाग मुठीच्या आत दडलेला असतो, त्यावर लोहार आपलं नाव कोरतो. हिराता ते नाव दातांच्या आरशाने आणि टॉर्चने बघायचे. पातं आवडलं की म्हणायचे, "व्हेरी हेल्दी."

*

हिरातांचा नियम एकच. उघड्या पात्यासमोर बोलायचं नाही. थुंकी उडते, पोलाद गंजतं. आधी वाकून नमस्कार, मग तोंडावर रुमाल, मग बघणं.

पहिल्या शनिवारी गोडबोले अर्धा तास अवाक्षर न काढता बसले. त्यांना न्यायला आलेल्या मिसेस गोडबोले दारातूनच बघत राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "बापू, ही तलवार भाड्याने देता का हो? रविवारपुरती."

*

गोडबोल्यांनी इंटरनेटवरच्या लिलावात एक तलवार घेतली. नाव जपानातल्या फार मोठ्या लोहाराचं. हिरातांनी आरसा फिरवून फिरवून बघितलं, तलवार म्यानात घातली आणि म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे."

गोडबोले खूश. "म्हणजे खरी ना?"

"त्या लोहाराचं इतकं सुंदर नव्हतं."

'खोटी' हा शब्द मी हिरातांच्या तोंडून कधी ऐकला नाही. व्यापारात असते तर उपाशी मेले असते, किंवा माझं दुकान त्यांनी विकत घेतलं असतं.

*

मग वॉल्टर आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पाठ धरलेली, खांद्यावर गोल्फची बॅग. त्या दिवसांत विमानात नेलकटरसुद्धा नेऊ देत नव्हते आणि हे गृहस्थ गोल्फच्या बॅगेतून तलवार घेऊन बसने आलेले!

"युद्ध संपलं तेव्हा एका जपानी ऑफिसरने ही माझ्या हातात दिली," ते म्हणाले. "देताना तो वाकला. अगदी कमरेपर्यंत."

"आणि तुम्ही?"

"मी एकोणीस वर्षांचा होतो. आता माझी पाळी आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही."

त्यांना ती तलवार परत पाठवायची होती. आपण आहोत तोवर. त्या ऑफिसरचं नाव माहीत नव्हतं, पण लोहाराचं गाव सापडलं तर तिथल्या देवळात तरी.

हिरातांनी मूठ काढली. नाव ओळखीचं निघालं, आणि तिथेच घोळ झाला. त्या घराण्यात आजा, बाप आणि नातू एकाच नावाने सही करायचे. आजाची किंवा बापाची असेल तर हाताने घडवलेली, जपान तिला आत घेईल. नातवाची असेल तर युद्धातला कारखान्याचा माल. तसल्या तलवारी विमानतळावरच जप्त होतात, मोडीत जातात.

"नावात एक रेघ कमी आहे," हिराता म्हणाले. "गंजाने खाल्ली की कोरलीच नव्हती, ते बघायला हवं. ठेवून जा."

वॉल्टर बॅगेकडे बघत म्हणाले, "फार वेळ लावू नका. वाट बघणं आता मला जमत नाही."

*

दुकानापेक्षा घर बरं म्हणून मी तलवार घरी नेली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी बाहेर येतो तर आमच्या सुनंदाने पाटावर विळी, शिलाई मशीन, माझा लॅपटॉप आणि मूठ काढलेली वॉल्टरची तलवार मांडलेली. हातात वाटीभर चिंचेचा कोळ.

"सुनंदा, थांब!"

"अहो, गंज बघा किती चढलाय. शस्त्राची पूजा अशी करतात का?"

भांडीबाजारात जन्म गेलेला मी. घासल्याशिवाय तांब्या विकला नाही कधी. आणि आता बायकोला समजावत होतो की हा गंज म्हणजेच तलवारीचं वय, तो गेला तर ती रेघही गेली.

"म्हणजे इथे घाणीला किंमत," ती म्हणाली. "मग आपला गराज एकदा डॉक्टरांना दाखवा."

तेवढ्यात ती रेघ तपासायला हिराता आले. पाटावर लॅपटॉपशेजारी तलवार, वर झेंडूचं फूल. त्यांनी वाकून नमस्कार केला. लॅपटॉपलाही.

*

चहाच्या वेळी सुनंदाने त्यांना माझं खरं नाव सांगितलं. सदाशिव, माझ्या आजोबांचंच. पण सासऱ्यांचं नाव आईने कसं घ्यायचं? म्हणून मी बापू. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी 'सदाशिव' पुकारलं आणि मी कोण सदाशिव म्हणून मागे वळून बघत बसलो. गैरहजर लागलो.

हिराता हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "मोठा माणूस जिवंत असताना त्याचं नाव पुरतं घ्यायचं नाही."

त्यांनी लोहाराच्या गावातल्या एका जुन्या जाणकाराला फोन लावला. बरंच जपानी झालं. मग आरसा, टॉर्च, रुमाल. रेघेच्या जागी छिन्नीचा मागमूस नव्हता.

"आजा होता तोवर बाप एक रेघ सोडून सही करायचा," ते म्हणाले. "ही बापाची. नातवाच्या कितीतरी आधीची. व्हेरी हेल्दी."

*

पुढच्या शनिवारी वॉल्टर आमच्या घरी आले. हिराता भाचीच्या लग्नाला जपानला निघाले होते, तलवार तेच रीतसर नेणार होते. शेवटचं बघायचं म्हणून पातं उघडं केलं, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडावर रुमाल. वॉल्टरनी दोन्ही हातांनी तलवार हिरातांना दिली आणि ती धरलेली पाठ घेऊन वाकले. अगदी कमरेपर्यंत.

हिरातांनी तलवार पाटावर ठेवली आणि त्यांच्याहून खाली वाकले. वॉल्टरनी ते तिरक्या नजरेने बघितलं आणि आणखी खाली गेले. हिराताही गेले. कुणी उठेना. सुनंदा माझा हात धरून उभी.

बऱ्याच वेळाने खालून, रुमालातून, वॉल्टरचा आवाज आला.

"आता कोणाची पाळी?"